गादी कोणाची, हे ठरवणार कोण?

कुंभकोणमहून तिरुवारूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात नाचियार्कोविल् येते. पितळी समयांचे गाव म्हणून ते प्रसिद्ध आहे. वर्षातून दोनदा, मार्गळी आणि पंगुनी महिन्यांत, इथल्या दगडी गरुडाची स्वारी निघते तेव्हा गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. मला मात्र या देवळातली दुसरी एक रीत जास्त विचार करायला लावते. इथे पहिला मान देवीचा आहे. मेधावी ऋषींनी आपल्या मुलीचे, वंजुळवल्लीचे, लग्न पेरुमाळाशी, म्हणजे विष्णूशी, लावून देताना अट घातली की या गावात माझ्या मुलीचा मान आधी, आणि देवाने ती पाळली, अशी कथा आहे. मिरवणुकीत नाचियार, म्हणजे देवी, पुढे असते, पेरुमाळ मागून येतो. मानपानाचा प्रश्न घरातच, लग्नाच्या मांडवात, दोन्ही पक्षांच्या संमतीने सुटला आणि पुढे त्यावर कोणाला वाद घालावासा वाटला नाही.

राजघराण्यांना हे फार क्वचित साधते. नाचियार्कोविल् ज्या मुलखात आहे त्या तंजावरच्या मुलखावर भोसले घराण्याने सुमारे एकशे ऐंशी वर्षे राज्य केले. आपल्या पुस्तकांत त्या राज्याचा शेवट एका वाक्यात उरकलेला असतो: १८५५ मध्ये दुसरा शिवाजी निपुत्रिक वारला आणि राज्य खालसा झाले. हे वाक्य मला मान्य नाही. पुत्र नसणे हे त्या शेवटाचे कारण नव्हते. वारस कोण, हे ठरवण्याचा अधिकार घराबाहेर गेला, तिथे ते राज्य संपले, आणि ते १८५५ च्या बऱ्याच आधी घडले. हे नीट दिसावे म्हणून मी तंजावरच्या शेजारी एक फार लांबचे उदाहरण ठेवणार आहे. पाचव्या ते दहाव्या शतकात आजच्या फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीच्या भूमीवर राज्य करणाऱ्या फ्रँक राजांचे. गादीच्या वारशाचे जितके प्रकार कल्पनेत येतील, तितके त्या पाच शतकांत घडून गेले आहेत.

फ्रँकांचा पहिला मोठा राजा क्लोविस ५११ मध्ये वारला, तेव्हा राज्य चार मुलांत वाटले गेले. थोरल्याला गादी आणि धाकट्यांना जहागिरी, असा प्रकार नव्हता. चौघेही राजे झाले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वीच्या कोणत्याही मराठी कुळाला ही वाटणी समजावून सांगावी लागणार नाही. पण जमिनीची वाटणी आणि राज्याची वाटणी यांत एक फरक आहे. जमिनीच्या वाटणीवर सरकार असते, राज्याच्या वाटणीवर कोणी नसते. ५२४ मध्ये क्लोडोमेर हा भाऊ लढाईत पडला. त्याच्या लहान मुलांचे काय करायचे, हा प्रश्न दोन काकांनी सोडवला. त्यांनी मुलांच्या आजीकडे, विधवा राणी क्लोटिल्डकडे, कात्री आणि नंगी तलवार पाठवली. क्लोविसच्या घराण्यातल्या, म्हणजे मेरोव्हिंजियन, राजांचे लांब केस हे राजेपणाचे चिन्ह होते, केस कापले की हक्क संपला. नातवांचे केस कापलेले पाहण्यापेक्षा ते मेलेले बरे, असे ती दुःखाच्या भरात बोलून गेली आणि काकांनी तेवढेच पकडले. दोन मुले मारली गेली. तिसरा वाचला आणि साधू झाला. तूरचा बिशप ग्रेगरी याने त्याच शतकात हे लिहून ठेवले आहे.

आता १६७७ पाहा. विजापूरच्या फौजेबरोबर तंजावरला आलेले व्यंकोजीराजे वर्ष-दोन वर्षांपूर्वी तिथल्या नायक राजांच्या गादीवर स्वतः बसले होते. शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले, कोळ्ळिडमच्या काठी तिरुमळवाडीला सावत्र भावाची भेट झाली आणि वडिलांच्या मिळकतीतला अर्धा वाटा महाराजांनी मागितला. व्यंकोजी रात्रीच निघून गेले. पुढे त्यांच्या फौजेची महाराजांच्या माणसांशी लढाई झाली आणि तीत ते हरले. इथपर्यंत गोष्ट फ्रँकांसारखीच चालली आहे. पण इथून ती वळते. व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई मध्ये पडल्या, दोन्ही घरांचा जुना माणूस रघुनाथपंत हणमंते मध्ये होता, आणि तह झाला. बेंगळूरकडचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. व्यंकोजींचे धनी विजापूरकर होते, पण निवाडा विजापूरने केला नाही. तो घरात झाला. भाऊबंदकीवर आपण उठताबसता बोलतो, पण जी भाऊबंदकी घरातच मिटली तिची आठवण ठेवत नाही. तंजावरचे राज्य पुढे टिकले ते या तहावर.

व्यंकोजींनंतर त्यांचे तीन मुलगे ओळीने गादीवर आले. शहाजी १६८४ पासून, सरफोजी १७१२ पासून, तुकोजी १७२८ पासून. भावामागून भाऊ, आणि मध्ये रक्तपात नाही. क्लोविसच्या नातवंडांच्या पिढीत हे घडणे अशक्य होते. त्यांच्यात ब्रुनहिल्ड आणि फ्रेडेगुंड या दोन राण्यांच्या वैराने चाळीस वर्षे जाळली. तंजावरचे ते बावन्न वर्षांचे शहाणपण आपल्या इतिहासलेखनात फार दुर्लक्षिले गेले, असे मला वाटते.

ते शहाणपण १७३६ मध्ये संपले. तुकोजीचा मुलगा एकोजी, ज्याला बावासाहेब म्हणत, तो वर्षभरात गेला. त्याची विधवा सुजानबाई हिने गादी सांभाळली, तीही वर्षभरच. मग काट्टुराजा म्हणून ओळखला जाणारा एक शहाजी पुढे आला. मी सरफोजींचा मुलगा, मला जन्मतःच लपवून वाढवले, असा त्याचा दावा. १७३९ मध्ये त्यालाही काढून तुकोजीचा मुलगा प्रतापसिंह राजा झाला. तीन वर्षांत चार राज्यकर्ते. या साऱ्या उलथापालथीत एक माणूस जागचा हलला नाही, तो म्हणजे किल्लेदार सय्यद. दरवाजाच्या किल्ल्या त्याच्या हाती होत्या, त्यामुळे आत कोण बसणार यात त्याचा शब्द चाले. प्रतापसिंहाने राजा झाल्यावर त्याला संपवले. पुढची चोवीस वर्षे तो राज्य करू शकला, याचे एक मोठे कारण मी हेच मानतो.

प्रतापसिंह लग्नाच्या राणीचा मुलगा नव्हता, असे मानले जाते. मेरोव्हिंजियन राजांना याचे काहीच वाटले नसते. आई कोण हे न पाहता राजाच्या मुलाला राजपुत्र मानण्याची त्यांच्यात रीत होती, आणि ग्रेगरीने ती नोंदवली आहे. बाप एकदा सांगे, हा माझा, आणि प्रश्न मिटे. आजच्या वाचकाला ही रीत ढिली वाटेल, पण तिच्यात एक मोठी ताकद होती. लग्न वैध की अवैध, हे ठरवायला बाहेरच्या कोणाला बोलवावे लागत नसे.

बोलावले की काय होते, हे फ्रँकांनीच पुढे पाहिले. नवव्या शतकात दुसरा लोथार नावाचा राजा होऊन गेला. थ्यूटबेर्गा या राणीपासून त्याला मूल नव्हते. वाल्ड्राडा या दुसऱ्या स्त्रीपासून ह्यूगो नावाचा मुलगा होता. दोनशे वर्षांपूर्वी ह्यूगो निमूट राजा झाला असता. पण तोवर लग्नाची वैधता ठरवण्याचा अधिकार चर्चने आपल्याकडे घेतला होता. लोथारने राणीपासून काडीमोड मागितला, बिशपांनी दिला, पोप पहिला निकोलस याने तो रद्द केला. वर्षानुवर्षे खटला चालला. ८६९ मध्ये लोथार वारला आणि ८७० मध्ये त्याच्या दोन काकांनी राज्य आपसांत वाटून घेतले. राजा निपुत्रिक नव्हता. मुलगा डोळ्यांसमोर होता. बाहेरच्याने तो मुलगा नाही असे ठरवले, म्हणून राज्य नाहीसे झाले. तंजावरचा विचार करताना मला हा लोथार पुन्हा पुन्हा आठवतो.

तंजावरचा प्रश्न बाहेर जाण्याची सुरुवात १७४९ ची. पदच्युत शहाजी इंग्रजांकडे गेला, मला गादीवर बसवा, देवीकोट्टै देतो म्हणाला. इंग्रज फौज आली, तिच्यात तरुण रॉबर्ट क्लाइव्हही होता. देवीकोट्टै पडले. मग इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंहाशीच तह करून ते ठिकाण स्वतःकडे ठेवले आणि शहाजीला वर्षासन लावून बाजूला सारले. वारसाचा न्याय करायला आलेला न्यायाधीश फी म्हणून बंदर घेऊन गेला.

पण खरी घटना १७८७ ची आहे. प्रतापसिंहाचा मुलगा तुळजाजी याने एकदा राज्य गमावून परत मिळवले होते. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने ते घेतले, १७७६ मध्ये कंपनीने परत दिले. आपली सगळी मुले गेल्यावर त्याने मरणाच्या आधी भोसले कुळातलाच नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. हेच पुढचे दुसरे सरफोजी. मुलाला त्याने श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हवाली केले. तुळजाजीचा सावत्र भाऊ अमरसिंह याने दत्तकाला हरकत घेतली. मुलगा जन्मदात्याचा एकुलता एक आहे, वयाने मोठा आहे, असे आक्षेप निघाले. कंपनीच्या मद्रासच्या गव्हर्नराने बारा पंडितांचे मत मागवले. पंडित म्हणाले, दत्तक अशास्त्र. अमरसिंह राजा झाला. दहा-अकरा वर्षांनी, श्वार्ट्झच्या खटपटीनंतर, पुन्हा पंडितांना विचारण्यात आले. या वेळी उत्तर आले, दत्तक सशास्त्र. १७९८ मध्ये अमरसिंहाला उतरवून सरफोजींना बसवले.

शास्त्र तेच, मुलगा तोच, दत्तकविधी तोच. बदलली होती ती प्रश्न विचारणाऱ्याची गरज. पंडित विकले गेले, असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोपे आहे. तो अपुरा आहे. दत्तकाच्या शास्त्रात एकुलत्या एक मुलाबद्दल खरेच मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंनी प्रामाणिक विद्वान उभे राहू शकतात. मुद्दा हा की दोन मतांपैकी कोणते अमलात यायचे, हे पंडितांच्या हाती नव्हते आणि भोसल्यांच्याही हाती उरले नव्हते.

फ्रँकांच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध प्रश्नही असाच विचारला गेला होता. क्लोविसच्या वंशातले राजे सातव्या शतकाच्या अखेरीस नावापुरते उरले आणि सत्ता राजवाड्याच्या कारभाऱ्याकडे गेली. ग्रिमोआल्ड नावाच्या एका कारभाऱ्याने तर राजाला आपलाच मुलगा दत्तक घ्यायला लावून गादी पळवायचा प्रयत्न केला. खरा राजपुत्र लहान होता, त्याचे केस कापून त्याला आयर्लंडला पाठवून दिले. ते फसले आणि ग्रिमोआल्ड मारला गेला. त्याच घराण्यातला चार्ल्स मार्टेल जास्त सावध होता. ७३७ मध्ये राजा वारल्यावर त्याने नवा राजा बसवलाच नाही, गादी तशीच रिकामी ठेवून कारभार चालवला. त्याचा मुलगा पेपिन याने अखेर पोप झकारियासला विचारले: ज्याच्याकडे फक्त नाव आहे तो राजा असावा, की ज्याच्याकडे सत्ता आहे तो? पोपचे उत्तर पेपिनला हवे तसे आले. ७५१ मध्ये शेवटचा मेरोव्हिंजियन, तिसरा चिल्डेरिक, केस कापून मठात गेला आणि पेपिन राजा झाला.

मराठी वाचकाला इथे साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर सारी सत्ता पुण्यात होती, पण कोणत्याही पेशव्याने छत्रपतीचे पद स्वतःकडे घेतले नाही. प्रत्येक नवा पेशवा वस्त्रे साताऱ्याहूनच घेत राहिला. याचे श्रेय मी पेशव्यांच्या सौजन्यापेक्षा रायगडच्या राज्याभिषेकाला देतो. १६७४ च्या त्या विधीने छत्रपतीपद इतके उंच नेले होते की ते काढून दुसऱ्याला देऊ शकेल असा कोणी पोप या भूमीवर नव्हता.

तंजावरला तो पोप कंपनीच्या रूपाने आला, आणि कारभारीही तीच होती. पेपिनने निदान दुसऱ्याला विचारले. कंपनीने प्रश्न काढला, पंडित बोलावले, उत्तर निवडले आणि त्या उत्तराची किंमतही स्वतःच वसूल केली. गादीवर आल्याच्या पुढल्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, सरफोजींनी राज्याचा सगळा कारभार कंपनीला दिला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा भाग राहिला, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि महसुलाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा राहिला. ज्याचा हक्क परक्याच्या निकालावर उभा आहे, तो त्या परक्याला नाही म्हणू शकत नाही.

सरफोजींना कमी लेखावे, असा माझा हेतू नाही. सरस्वती महालाचे ग्रंथभांडार त्यांनी वाढवले नसते तर मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृतचे किती धन गेले असते, याची कल्पना करवत नाही. पण १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरवून घेतला, त्याकडे मी केवळ अभिमानाने पाहू शकत नाही. त्या काळाचा हिशेब लावा. गादी मिळून पाच वर्षे झाली होती, राज्य जाऊन चार. सत्ता गेल्यावर वंशावळ दगडात कोरली गेली. ज्याच्या वारशावर दोनदा निकाल झाला, त्या माणसाने सबंध कुळाची साखळी सर्वांना दिसेल अशी मांडली आणि तिच्या टोकाला स्वतःला ठेवले. फ्रँकांकडे हेच उलट्या बाजूने घडले. नवव्या शतकात आइनहार्डने पेपिनच्या मुलाचे, शार्लमेनचे, चरित्र लिहिताना शेवटच्या मेरोव्हिंजियनांचे दीनवाणे चित्र काढले. लांब केस, वाढलेली दाढी, बैलगाडीतून फिरणारा, शिकवलेली उत्तरे बोलणारा राजा. विजयी घराण्याच्या आश्रयाने लिहिलेले ते चित्र युरोपने हजार वर्षे खरे मानले. वंशाचा इतिहास ज्या वर्षी लिहिला जातो, त्या वर्षाची गरज त्यात उतरते. दगड त्याला अपवाद नाही.

आणि ज्याला बाजूला केले त्याचे काय? अमरसिंहाला कंपनीने वर्षासन दिले. तो तिरुविडैमरुदूरला राहायला गेला. नाचियार्कोविल्पासून ते गाव फार लांब नाही. तिथे एक छोटा मराठी दरबार भरत राहिला आणि हिंदुस्थानी गायकही तिथे आश्रयाला आले. पुढे नंदनार चरित्राने गाजलेले गोपालकृष्ण भारती त्यांच्यातल्याच एकाकडून हिंदुस्थानी पद्धत शिकले. अमरसिंहाचा मुलगा प्रतापसिंह तिथेच राहिला. तिथल्या महालिंगस्वामींच्या देवळात हातात दिवा धरलेल्या स्त्रीची एक धातूची मूर्ती आहे. अम्मणी अम्माळने प्रतापसिंहाशी लग्न व्हावे म्हणून लक्ष दिव्यांचा नवस केला आणि तो फेडताना आपलीच दीपधारिणी मूर्ती देवापुढे उभी केली, असा तिच्यावर लेख आहे. वर्ष १८५३. तंजावरच्या महालात वंशाची चिंता चालली होती तेव्हा बेदखल शाखेत लग्ने होत होती. रक्त संपले नव्हते. रक्त शोधायला कोणी निघालेच नाही.

२९ ऑक्टोबर १८५५ ला सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी वारले. मागे मुली होत्या, राण्या होत्या. मुलीला गादी द्यावी असा विचार मांडला गेला, पण कंपनीने तो फेटाळला. ज्या मुलखात सुजानबाईने गादी सांभाळली होती आणि जिथल्या एका देवळात देवीचा मान देवाच्या आधी आहे, तिथे मुलीचा हक्क नाही हे कलकत्ता आणि लंडनने ठरवले. फ्रँकांच्या जुन्या कायद्यात, लेक्स सालिकात, स्त्रीला वडिलोपार्जित जमिनीचा वारसा नाही असे एक कलम होते. शेतजमिनीपुरते ते कलम चौदाव्या शतकात फ्रान्सच्या वकिलांनी उकरून काढले आणि राजकन्यांना गादीवरून दूर ठेवण्यासाठी वापरले. नियम जुना होता. उपयोग नवा होता आणि उपयोग करणाऱ्याचा होता.

थोरली राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. कंपनीने राज्याबरोबर राजाची खासगी मालमत्ताही जप्त केली होती. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो उलटवला. ही राज्यसत्तेची कृती आहे, ती न्याय्य असो वा अन्याय्य, कोणतेही न्यायालय तिची चौकशी करू शकत नाही, असे तिथल्या न्यायमूर्तींचे म्हणणे. १७८७ मध्ये ज्या इंग्रज सत्तेने शास्त्राचा आधार मागितला होता, तिला १८५९ मध्ये शास्त्राची, पंडिताची, न्यायालयाची कशाचीच गरज उरली नव्हती.

कोणी म्हणेल, शेवटी मुलगा नव्हता हे तर खरेच आहे ना? खरे आहे. पण मुलगा नसणे तेव्हाही निवारण्यासारखे संकट होते. त्याचा पुरावा कुंभकोणमच्याच एका माणसाच्या आयुष्यात आहे. टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमच्या मराठी देशस्थ घरात जन्मले. त्रावणकोर आणि इंदूरनंतर १८७५ मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केले होते. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला, तेच सयाजीराव महाराज. त्या अज्ञान राजाचे राज्य माधवरावांनी सांभाळले. दत्तक तोच, हिंदू धर्मशास्त्र तेच, गादी मराठ्यांचीच. १८५५ मध्ये मुलगा नसल्याने राज्य बुडाले आणि वीस वर्षांनी त्याच कारणाने बडोद्याला त्याचा सर्वांत मोठा राजा मिळाला. मधल्या काळात १८५७ होऊन गेले होते आणि इंग्रजांना संस्थानिक हवे होते. म्हणून १८६०-६२ च्या सनदांनी दत्तकाचा हक्क मान्य झाला. पण बडोद्यातही मुलाची निवड शेवटी इंग्रजांच्या मान्यतेनेच पक्की झाली. म्हणजे ठरवणारा बदलला नव्हता, त्याचा निर्णय बदलला होता.

म्हणून माझी मागणी आहे की तंजावरच्या मराठी राज्याच्या अखेरीचे वर्ष आपल्या पुस्तकांत १८५५ न देता १७८७ द्यावे. त्या वर्षी बारा पंडितांसमोर प्रश्न ठेवणारा हात भोसल्यांचा नव्हता.